खिडकीचा कट्टा

खिडकीच्या तळाशी जी आडवी फळी किंवा फरशी असते, तिला पुस्तकी मराठीत पटकन शब्द सुचत नाही. आमच्या घरात मी तिला कट्टा म्हणते आणि सासूबाई कट्टे म्हणतात. शेवटच्या स्वराचा काय तो फरक. शब्द कुणी कुणाकडून घेतला हा वाद भाषाशास्त्राच्या मंडळींवर सोडू. मला तरी तो कन्नडचाच वाटतो. गावात पिंपळाभोवती कट्टा असतो, तसा घरात खिडकीचा. टेकायचं, काहीबाही ठेवायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे.

हा विषय निघाला तो आमच्या ह्यांच्या आत्याबाईंमुळे. त्या हैदराबादला काचीगुड्यात राहत. जन्म आपल्याच बिदर भागातला, निजामाच्या राज्यातला. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली तेव्हा त्यांचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं, आजोळ मुंबई राज्यात आणि पुढे सासर मिळालं ते आंध्र प्रदेशात. आता त्याचंही तेलंगण झालं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे, त्यामुळे ती लांबवत नाही.

काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या भागांत मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहत आली. १९०७ ची विवेकवर्धिनी शाळा, १९२२ चं मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्यांचीच उभारणी. काचीगुड्याचं स्टेशन १९१६ चं. कन्नड मंडळींचं कर्नाटक साहित्य मंदिरही काचीगुड्यातच. आत्याबाईंचं घर अशा वस्तीत, दगड-चुन्याच्या भिंतींचं. भिंत चांगली दोन फूट रुंद, म्हणून खिडकीचा कट्टाही दोन फुटांचा. त्यावर शहाबादी फरशी, आपल्या गुलबर्ग्याकडची. चौकट सागवानी, उभे लोखंडी गज आणि वरच्या-खालच्या मिळून चार झडपा. खालच्या झडपा लावून घेतल्या की घराची अब्रू राखली जाई, वरच्या उघड्या ठेवल्या की वारा येई.

त्या कट्ट्यावर काय असे ते महिन्यावर ठरायचं. उन्हाळ्यात मातीची सुरई, खाली ओल्या वाळूचं ताट. वाऱ्याच्या तोंडी सुरई ठेवली की मातीतून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वाळ्याचा पडदा वर गुंडाळलेला, अकरा वाजले की सोडायचा आणि त्यावर पाणी मारायचं. कट्ट्याच्या एका कोपऱ्यात लोणच्याची बरणी, तोंडाला फडकं बांधून उन्हात. पाऊस लागला की कट्टा रिकामा, फक्त कोरफडीची कुंडी. भाद्रपद सरता-सरता पितळी तांब्यात पिवळीधमक फुलं यायची. आपण तरवड म्हणतो, सासूबाई तंगडी म्हणतात, हैदराबादेत तंगेडु. बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत ते हवंच. शेजारच्या तेलुगू बायका बतुकम्मा रचायच्या तेव्हा राहिलेल्या फांद्या खिडकीतून आत द्यायच्या आणि त्या तांब्यात जायच्या. दिवाळीत पणत्या, संक्रांतीला हलव्याची वाटी. कुणी हात घातला तर घालू दे म्हणून ती मुद्दाम गजांच्या जवळ.

याला आत्याबाई कधी ‘सजावट’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर त्यांनाच हसू आलं असतं. पण मी पाहिलेल्या दिवाणखान्यांपैकी इतकी देखणी खिडकी दुसरी आठवत नाही.

ते घर आता बांधकामवाल्याकडे गेलं. वाटणीदार पाच, छप्पर गळणारं, कुणाला दोष देता येत नाही. नवी इमारत होईपर्यंत बिऱ्हाड कुठे न्यायचं हा प्रश्न होता. भावोजींनी, म्हणजे आत्याबाईंच्या मुलाने, विकाराबादजवळ अनंतगिरीच्या बाजूला थोडी जमीन घेऊन ठेवली होती. मुसी नदी त्याच डोंगरांत उगम पावते आणि पुढे हैदराबादेत जाते. तिथे त्यांनी हौसेने ओंडक्यांचं घर बांधलं. बिदरहून गाडीने हैदराबादला जाणाऱ्यांना विकाराबाद ठाऊक आहेच. ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना तिथे हलवायचं ठरलं. तीन वर्षांत नवा फ्लॅट मिळेल असं सगळे सांगत होते. त्या ऐकून घेत होत्या.

घर छानच झालं होतं. पण कट्ट्यांवरून पेच पडला. जाऊबाईंनी परदेशातल्या लाकडी घरांची चित्रं जमवली होती. खिडकीत पाइनची फळं, जाड मेणबत्त्या, लेसचे पडदे, रंगीत काचेच्या बाटल्या ओळीने. दिसायला सुरेख. तसंच सगळं मागवायचं चाललं होतं.

मला त्या चित्रांचं कुतूहल वाटलं. ओंडके एकमेकांत अडकवून घर बांधायची रीत उत्तर युरोपातली. सतराव्या शतकात स्वीडन-फिनलंडकडच्या वसाहतकऱ्यांनी ती अमेरिकेत नेली. त्या मुलखात हिवाळ्यात सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजाजवळ रेंगाळतो आणि लवकर बुडतो. लाकडाच्या भिंती आतून काळपट. तेव्हा जो काही उजेड येतो तो खिडकीपाशी धरून ठेवायचा, म्हणून तिथे काच, मेणबत्ती, चकाकणारं काहीतरी. त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे मार्च ते जून उलटा प्रकार. उजेडाला बाहेर थोपवायचं, वारा तेवढा आत घ्यायचा. विकाराबादच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत मेणबत्ती उभी केली तर संध्याकाळपर्यंत ती वाकून नमस्कार करील.

आणि लाकडाच्या घरात बाटल्यांची गंमत नको. पाण्याने भरलेली गोल बाटली किंवा काचेचा गोळा भिंगासारखं काम करतो, उन्हाचा ठिपका एका जागी पडून सुकं लाकूड, पडदा धुमसू शकतो. मी हे सांगितलं तेव्हा जाऊबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग बाटल्यांकडे पाहिलं. दोन दिवसांनी बाटल्या आतल्या कपाटात गेल्या.

बाकी व्यवस्था आत्याबाईंनी लावली, बसल्या जागेवरून. कुंडी सरळ लाकडावर ठेवायची नाही. खाली ताटली, ताटलीत खडे, म्हणजे पाणी लाकडाला लागत नाही आणि वाळवीला आमंत्रण जात नाही. कट्ट्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल. जवस म्हणजे सासूबाईंची अगसी, तिची आपण चटणी करतो. ‘चटणी माणसाला, तेल लाकडाला,’ असं त्या म्हणाल्या. कच्च्या तेलाला वाळायला दिवस लागतात, म्हणून पातळ हात द्यायचा आणि जास्तीचं पुसून काढायचं. पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

पूर्वेच्या खिडकीत तुळस आणि कढीपत्त्याचं रोप. उत्तरेच्या खिडकीत बिदरी सुरई, त्यांच्या लग्नातली. जस्ताच्या काळ्या अंगावर चांदीची वेल. तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने येतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ती पावसाच्या झडीत येणार नाही अशा बेताने आत सरकवलेली. ‘माझं माहेर आहे ते, भिजवू नक्को,’ असं त्यांनी सुनेला बजावलं. निर्मळची लाकडी खेळणी नातवंडांच्या खोलीत. पश्चिमेच्या कट्ट्यावर वाळूचं ताट आणि पाण्याची सुरई, वर वाळ्याचा पडदा. जाऊबाईंची पाइनची फळंही राहिली, एका वेताच्या टोपलीत. आत्याबाईंना ती फार आवडली. ‘अननसाची पोरं’ म्हणायच्या त्यांना.

खरा वाद झाला तो रस्त्याकडच्या खिडकीचा. तिथला कट्टा सगळ्यांत रुंद, दिवाणखान्यातला, येणाऱ्याच्या पहिल्यांदा नजरेत भरणारा. जाऊबाईंना तिथेच मुख्य सजावट हवी होती. आत्याबाई म्हणाल्या, तो रिकामा ठेवा, आणि डासांची जाळी काढा.

‘आई, इथे काचीगुडा नाही,’ भावोजी म्हणाले. ‘रस्त्याने कोण जातं इथे? दिवसाला चार शेळ्या.’

‘हौ. शेळ्यांच्या मागं माणूस असतंय की.’

यावर कुणी काही बोललं नाही. साठ वर्षं ज्या बाईने भाजीवाल्याशी उर्दूत, शेजारणीशी तेलुगूत, धुणंवालीशी कन्नडमध्ये आणि घरात मराठीत एकाच खिडकीतून संसार केला, तिला डोंगरातली शांतता म्हणजे आराम वाटेल असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांना शांततेचीच धास्ती होती, हे मला त्या वाक्याने कळलं. त्यांनी ती बोलून दाखवली नाही. एका कट्ट्याची मागणी केली.

जाळी निघाली. डास येतात, संध्याकाळी धूप लावतात. जाऊबाई अजून थोड्या नाराज आहेत आणि त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. नव्या घराचा दर्शनी कट्टा मोकळा, हे पाहुण्यांना समजावणं सोपं नसतं.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो होतो. पितळी तांब्यात तरवड होता, शिळा झालेला. मोकळ्या कट्ट्यावर गजांच्या अगदी कडेला चार सीताफळं होती, डोळे उघडलेली. घरातल्या कुणी आणलेली नव्हती. मी विचारलं, कुणी दिली?

‘शेळ्यावाली ठेवून जाते,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘नाव अजून इचारलं नाही. तेलुगू बोलते. पोरगी भालकीला दिलीय म्हणे तिची.’