आखाजीचं सोनं

जळगावच्या एका दैनिकाच्या पुरवणी विभागात मी बरीच वर्षं काढली. पुरवणी म्हणजे धड बातमी नव्हे, धड जाहिरातही नव्हे. आधी जाहिरात विभागाकडून पानांची डमी यायची. कुठल्या सराफाचं अर्धं पान, कुणाचं पाव, ते तिच्यावर आखलेलं असे. उरलेल्या कोऱ्या जागेत आम्ही मजकूर भरायचा. अक्षय्य तृतीयेचा मजकूर तर चहा संपेपर्यंत लिहून व्हायचा: साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आज घेतलेलं सोनं वाढतच जातं, वगैरे.

आमच्या घरी या सणाला आखाजी म्हणतात. नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, वर खरबूज. पितरांच्या नावानं निखाऱ्यावर आगारी टाकायची. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. माहेरवाशिणी निंबाला बांधलेल्या झोक्यांवर, पुरुषमंडळी पत्त्यांच्या डावात. आणि या सगळ्यामागे सालदाराचा हिशेब. त्याचं साल आखाजीला संपे, नवं ठरे, उचल द्यावी लागे. कापसाचा पैसा तोवर कधीच उडालेला. पुढं पेरणी तोंडावर. आजीच्या गळ्यातली पोत याच सुमारास बियाण्यापायी सावकाराकडे जायची, हे मला आईनंच सांगितलंय. म्हणजे आमच्याकडे वैशाखात सोनं घरात येत नसे, घराबाहेर जाई.

सोनेखरेदीची ही लाट आधी दक्षिणेत उसळली. तिथल्या सराफांनी जाहिरातींचा धडाका लावला. सोन्याच्या खाणमालकांची वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही लंडनची संस्था, तिनंही या दिवसासाठी मोहिमा चालवल्या. मग ते लोण आमच्याकडे आलं. घडणावळीवर सूट, पहिल्या पानाआधीचं रंगीत पान, हसरी नटी.

पण जाहिरातीला लोक जाहिरात म्हणूनच वाचतात. खरं काम दुसऱ्या दिवशीची बातमी करायची. ‘परंपरेप्रमाणे सराफ बाजार गजबजला’ हा मथळा आदल्या दिवशीच लावून ठेवलेला असे. संध्याकाळी वार्ताहर दोन-चार दुकानांत फोन करी, दुकानदार तोंडाला येईल तो आकडा सांगे, आणि ‘कोट्यवधींची उलाढाल’ छापून येई. पुढच्या वर्षी पुरवणी काढताना मी हेच कात्रण समोर घेऊन बसे आणि लिही, ‘गेल्या वर्षीच्या विक्रमी खरेदीनंतर यंदाही...’ अशानं परंपरा तयार व्हायला पिढी लागत नाही, पाच-सहा वैशाख पुरतात.

एकदा आखाजीला घरी गेलो तर आईनं घागरीशेजारी एक ग्रॅमचं नाणं मांडलेलं, प्लास्टिकच्या पाकिटासकट.

‘‘हे कधीपासून?’’

‘‘कधीपासून काय? आपल्याकडे रीतच आहे. तुझी आजीसुद्धा गुंजभर तरी घ्यायचीच.’’

‘‘अगं, आजीची पोत गहाण पडायची ना आखाजीला?’’

‘‘ते एखाद्या साली असेल,’’ ती म्हणाली आणि पोळी उलटायला वळली.

ती खोटं बोलत नव्हती. तिला आता खरोखरच तसं आठवत होतं. नाणं घेतल्याचं मला काही वाटलं नाही. आजीची गहाण पोत मात्र तिच्या आठवणीतून अलगद काढून घेतली गेली होती आणि तिच्या जागी आमच्या पुरवणीतली आजी बसली होती.

ती अजूनही दरवर्षी एक नाणं घेते. सोन्याचे भाव बघता तिचं गणित माझ्या बँकेतल्या ठेवीपेक्षा चांगलंच बसलंय, आणि ते ती मला ऐकवतेही.