खरेदीभाव

मंदीच्या दिवसांत शेअरबाजाराकडे वळणारा सामान्य गृहस्थ केवळ हव्यासापोटी वळतो, असा जो निवाडा सुखवस्तू मंडळी देत असतात, तो मला अन्यायाचा वाटतो. ज्याच्या कारखान्यातील जादा पाळी बंद झाली, ज्याच्या मुलाच्या हाती नेमणुकीचे पत्र येऊनही रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे जात राहिली, त्याला आपल्या प्रपंचासाठी आपण काही उद्योग करीत आहोत, एवढा दिलासा तरी हवा असतो. आणि तशा वेळी दलालाच्या पेढीत त्याला कोणी नको म्हणत नाही.

२००८च्या जानेवारीत मुंबईचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेला तो एका दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी नादार झाली, आणि परदेशी संस्था येथील भांडवल काढून घेत असता २४ ऑक्टोबरला निर्देशांक ८,७०१ वर बंद झाला. त्या सुमारास डोंबिवलीतील एका सब-ब्रोकरच्या कचेरीत माझे जाणेयेणे असे. टर्मिनलसमोरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांत एक निवृत्त कारकून होते. त्यांच्या शाळकरी वहीत चार रकाने असत: कंपनी, नग, खरेदीभाव आणि आजचा भाव. खरेदीभाव तांबड्या शाईने लिहिलेला. आजचा भाव मात्र पेन्सिलीने, आणि रोज खोडून त्या जागचा कागद विरलेला.

"ॲव्हरेज करतोय," ते सांगत. शंभराला घेतलेला शेअर साठावर आला की तेवढेच नग पुन्हा घ्यायचे, म्हणजे सरासरी ऐंशी; चाळीसवर पुन्हा घेतले की ती सदुसष्टच्या आत. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. परंतु जो शेअर सर्वांत अधिक घसरला त्याच्याच पदरी घरातली सर्वांत अधिक शिल्लक पडत गेली, आणि त्या कंपनीवर कर्ज किती, तिचा माल कोण घेतो, हे प्रश्न मागे राहिले. बाजाराच्या लेखी तो तांबडा आकडा शून्य होता. गृहस्थाच्या लेखी मात्र त्यात भविष्यनिर्वाह निधीची रक्कम होती, बायकोने घेतलेली हरकत होती, आपल्या शहाणपणाविषयीची खात्री होती. एवढे सारे कमी भावात विकून टाकणे मनुष्यस्वभावाला फार जड जाते, हे मी सहानुभूतीनेच लिहितो.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरले, तेव्हाही मुंबईने असाच प्रलय पाहिला. बॅक बे कंपनीचा पाच हजार भरणा झालेला शेअर त्यापूर्वी पन्नास हजारांच्या आसपास चढला होता. परंतु त्या वेळचे पुष्कळ सौदे मुदतीचे होते, आणि १ जुलै १८६५ ही मुदत भरताच, कितीही कटू असो, हिशेब समोर येऊन उभा राहिला. रोख पैसे मोजून डिलिव्हरी घेणाऱ्या आजच्या हौशी खरेदीदाराला अशी तारीखच नसते. कर्जबाजारी होण्यापासून तो वाचतो, हे खरे. पण विचार करण्याची वेळही त्याला अनंत काळ पुढे ढकलता येते, आणि हे दुसरे संकट मला अधिक खोल वाटते.

म्हणून मी त्या गृहस्थांना एक पाचवा रकाना आखून दिला: हा शेअर आज आपल्याजवळ नसता, तर आजच्या भावाने घेतला असता काय, आणि का? दोन कंपन्यांपुढे त्यांनी कारणे मन लावून लिहिली. इतरांपुढे जागा कोरी राहिली.

निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे २००९ रोजी बाजार वरच्या सर्किटला लागून व्यवहार थांबले, आणि निर्देशांक २,११० अंशांनी चढला. त्याच आठवड्यात त्यांनी विक्री केली. "मुद्दल सुटलं बघा," असे म्हणताना त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. वही पाहिली तेव्हा ध्यानात आले की, खरेदीभावाला पोचलेल्या, आणि म्हणून विकलेल्या, त्या दोनच कंपन्या होत्या ज्यांच्यापुढे कारणे लिहिलेली होती. कोऱ्या रकान्यांच्या साऱ्या कंपन्या त्यांनी ठेवून घेतल्या होत्या.