बायकडे तीन दिवस

परदेशवारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती, बर्फ आणि छायाचित्रांचे जाडजूड पुडके येते. आमची वारी त्या जातीची नव्हती. इंग्लंडमध्ये स्विंडन येथे नोकरीस असलेल्या लेकीकडे मी दोन महिने राहावयास गेलो होतो, आणि तिथून लिस्बनला थोरल्या बहिणीकडे जाऊन येण्याचा बेत तिने आखला. २०२५ साली १३ जून हा संत आंतोनीच्या सणाचा दिवस शुक्रवारी येत होता. लिस्बन शहराला त्या दिवशी सुट्टी असते. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस अलगद हाती लागले. एवढ्याशा मुक्कामासाठी शेंगेन व्हिसाचे जे कागद गोळा करावे लागले, त्यांत माझ्या लग्नाच्या वेळचे सारे कागदपत्र दोनदा मावले असते!

बाय माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, एकोणऐंशीची. तिचे लग्न १९७१ मध्ये गोव्यात झाले. भावोजी १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले. १९७४ च्या अखेरीस भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील तुटलेले संबंध पुन्हा जुळले आणि त्या पिढीच्या कितीतरी गोवेकरांप्रमाणे त्यांनीही पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग धरला. १९८१ मध्ये दोन लहान मुलांना घेऊन बाय लिस्बनला गेली. त्यानंतर ती कुणकेश्वरला आली ती चारच वेळा, आणि शेवटची आमच्या आईच्या मातीला. भावोजींना जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

माझ्या बॅगेत कुळथाचे पीठ, आमसुले, आंबापोळी आणि कुणकेश्वरच्या जत्रेत मिळते तसले आल्या-गुळाचे खाजे होते. त्याच्या तळाशी एक लिफाफा होता. वाडवडिलांचे घर आणि हापूसची कलमे अजून आम्हा दोघांच्या नावावर आहेत. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपल्या समाजात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि ही गोष्ट मला नेहमीच अभिमानाची वाटत आली आहे. परंतु घराचे छप्पर उतरवून नवे घालायचे, त्यासाठी कर्ज काढायचे, तर सातबारावरील दुसऱ्या नावाची सही हवी, आणि ते नाव तर समुद्रापलीकडे. म्हणून बायने आपला हक्क सोडण्याचे अधिकार देणारे मुखत्यारपत्र करावे, असे फोनवर ठरले होते. फोनवर ठरवणे निराळे, आणि बहिणीच्या घरी तो कागद बॅगेतून बाहेर काढणे निराळे.

१२ जूनला सकाळी आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा तेथील पडद्यांवर अहमदाबादची बातमी दिसत होती. लंडनला यावयास निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले होते. माणसे आपापल्या बॅगा धरून मुकाट उभी होती. आमचे विमान वेळेवर सुटले आणि अडीच-पावणेतीन तासांत लिस्बनला उतरले. बाय दारातच उभी होती. हातात जपमाळ. सकाळपासून ती जपमाळेच्या फेऱ्यांवर फेऱ्या म्हणत होती, असे भाच्याने नंतर सांगितले. त्या विमानात सात पोर्तुगीज नागरिकही होते. इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे जात असतात, ती अशीच कुणाच्या तरी भेटीसाठी.

"वाटेत तरास नाय मां झालो?" तिने विचारले. चव्वेचाळीस वर्षे पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या तोंडातून मालवणी जशीच्या तशी आली. मी लिफाफ्याचा विषय काढू लागताच तिने हात हलवला. "कागद खंय पळतत? आदी जेव."

कुळथाची पिठी, भात आणि तळलेली मासळी. लिस्बनमधले माझे पहिले जेवण ते असे झाले.

त्या रात्री भाचा आम्हाला आल्फामा या जुन्या वस्तीत घेऊन गेला. लिस्बन टेकड्यांवर वसलेले आहे आणि आल्फामाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून मिठाची वाटी देता यावी. गल्लीगल्लीत निखाऱ्यांवर सार्डिन भाजत होते. सार्डिन म्हणजे आपल्या पेडव्या-तारल्यांचीच जात. आमच्याकडे १ जूनपासून यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, आणि इथे सणाचा मुख्य पदार्थ मासळी! पावाच्या जाड तुकड्यावर अख्खा मासा ठेवून लोक उभ्याउभ्याच खात होते. आणखी एका वस्तूने माझे लक्ष वेधले. जो तो लहानशा कुंडीत एक गोल, दाट रोप घेऊन चाललेला. त्यात कागदाचे फूल आणि चार ओळींचे कवन खोचलेले. त्याला मांजेरिको म्हणतात. आपल्या तुळशीच्या कुळातलेच ते झाड. त्याला नाक लावून वास घ्यायचा नसतो. आधी तळहात हलकेच पानांवरून फिरवायचा, मग हाताचा वास घ्यायचा. मी तसे केले आणि आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणातील वृंदावन आठवले.

संत आंतोनीला आपण पादुआचा म्हणतो. लिस्बनकरांना हे फारसे रुचत नाही. सुमारे ११९५ साली तो या शहरात जन्मला, नाव फेर्नांदो. जिथे त्याचे घर होते असे मानतात तिथे, जुन्या महामंदिराच्या पायथ्याशी, त्याचे चर्च उभे आहे. महामंदिर ११४७ नंतरचे. आंतोनीचे चर्च मात्र १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेले. हा भूकंप १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणादिवशी सकाळी झाला. लोक मिस्सेसाठी चर्चमध्ये जमलेले होते; वेद्यांवरील मेणबत्त्यांनी आगी लागल्या, पाठोपाठ समुद्र चढून आला. कार्मोच्या मठाचे छप्पर तेव्हा कोसळले ते पुन्हा घातलेच नाही. आजही तिथे दगडी कमानींच्या वर नुसते आकाश आहे. आंतोनीचे चर्च पुन्हा उभारण्यासाठी शहरातली मुले "संत आंतोनीसाठी एक नाणे" म्हणत दारोदार फिरली होती म्हणतात.

शुक्रवारी आम्ही मिस्सेला तिथे गेलो. तळघरात जन्मस्थानाची जागा आहे. १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तिथे प्रार्थनेला आले होते. बाय पायऱ्या उतरली नाही. गुडघे साथ देत नाहीत. वरच बसून राहिली. बाहेर आशीर्वादित पावाचे लहान गोळे मिळतात. तो पाव वर्षभर घरात ठेवतात, म्हणजे घरात अन्नाची ददात पडत नाही अशी श्रद्धा. बायने दोन घेतले, एक आपल्यासाठी आणि एक माझ्यासाठी.

संध्याकाळच्या मिरवणुकीची वाट पाहत आम्ही एका कठड्यावर बसलो होतो. मी सहज आंतोनीच्या समुद्रप्रवासाविषयी बोललो. हुतात्मा व्हावे म्हणून तो मोरोक्कोला गेला, आजारी पडला, परतीच्या वाटेवर वादळाने त्याचे जहाज सिसिलीला नेऊन टाकले. तो पुन्हा आपल्या शहरी आलाच नाही. १२३१ मध्ये पादुआजवळ त्याने देह ठेवला, आणि त्याची कबर तिथेच आहे. बाय हसली. "म्हणजे आमच्या देवळातल्या खलाशासारखोच की!"

कुणकेश्वरच्या शिवमंदिराची ती कथा आम्हा भावंडांना शेजारच्या आजीने सांगितलेली. एक परदेशी, अरब म्हणतात, खलाशी वादळात सापडला. किनाऱ्यावरचा दिवा त्याला दिसला आणि वाचलो तर तुझे देऊळ बांधीन असा त्याने नवस केला. देऊळ बांधले, मात्र आता आपले लोक आपल्याला घेणार नाहीत, या विचाराने शिखरावरून उडी घेतली. देवळाजवळ त्याची समाधी दाखवतात. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेत आम्ही खाजे घेऊन तिकडे जायचो, आणि बायला त्या माणसाची फार दया यायची. आपल्या घरी का नाही गेला, असे ती पुन्हा पुन्हा विचारायची.

शनिवारी बेलेंला गेलो. जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला वारला. १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला आणल्या, आणि या चर्चमध्ये त्या आल्या १८८० मध्ये. जवळच्याच चौकात अफोन्सो द अल्बुकर्कचा पुतळा उंच खांबावर उभा आहे. आपल्या हापूसला ज्याचे नाव मिळाले असे सांगतात, तो हाच अफोन्सो. त्याच्याही अस्थी १५६६ मध्ये गोव्याहून लिस्बनला नेल्या. या माणसांनी आपल्या किनाऱ्यांवर काय काय केले, ते इतिहासाने लिहून ठेवले आहे आणि ते सारे वंदनीय मुळीच नाही. तरी त्या थंड दगडाजवळ उभे असताना मला वाटले, मेल्यावर आपल्या मातीत जाण्याची ही ओढ मात्र राजालाही असते आणि रंकालाही.

बायला मात्र तसे वाटले नव्हते. बाकावर बसून तिथली प्रसिद्ध अंड्यांची पेस्ट्री खात ती सरळ म्हणाली, "माका घेऊन जाऊ नुको हां. तेंच्या बाजूक जागा आसा." 'ते' म्हणजे भावोजी. "आता माझो गाव ह्योच."

ही गोष्ट ऐकायला मी कुणकेश्वरहून इतक्या लांब यावे, असे देवाने ठरवले असावे. मला काही बोलता आले नाही. पंधरा वर्षांचा नातू शेजारी होता. त्याने तो गंभीर क्षण आपल्या परीने मोडला. त्याला मालवणी येत नाही. त्याने मला 'पाव' कशाला म्हणतात विचारले आणि मग खेळच सुरू झाला. बटाटा, चावी, साबण, फीत, कोबी, अननस, पगार, परात. प्रत्येक शब्दाला तो टाळी वाजवायचा, कारण त्याच्या भाषेतही ते थोड्याफार फरकाने तेच. चहालासुद्धा ते 'शा' म्हणतात. "म्हणजे मला मराठी येते!" त्याने जाहीर केले. बायने त्याच्या केसांतून हात फिरवला. त्या पोराला आजीचे निम्मे बोलणे कळत नाही, हे तिला ठाऊक आहे. परंतु जे कळते त्यावरच ती संसार चालवते.

रात्री जपमाळ झाल्यावर तिनेच लिफाफा मागून घेतला. चष्मा लावून पाने सावकाश वाचली. मराठी अक्षरे वाचताना तिचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाली की भारतीय दूतावासात जाऊन साक्षांकन करावे लागेल आणि ते शनिवार-रविवार बंद. मुलगा पुढच्या महिन्यात घेऊन जाईल. मी बरे म्हणालो. मग चष्मा काढून तिने दुसरीच गोष्ट सांगितली. सातबारावरून नाव गेले की त्या घरात आपले नाव कोण काढणार, ही रुखरुख तिला कित्येक दिवस होती. वाटा नको होता तिला. "सही मी करतंय. पण क्रूसाकडची लादीन बंद पडाक देऊ नको."

आमच्या अंगणात, कलमांच्या कडेला, आजोबांनी बांधलेला चिऱ्यांचा क्रूस आहे. मे महिन्यात तिथे लादीन होते; शेजारच्या वाडीतले हिंदू बांधवही येऊन बसतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. गेली काही वर्षे म्हणणारेच उरलेले नाहीत. ज्यांना लातिन उत्तरे पाठ होती ती माणसे एकेक करून गेली. तरुण मुले मुंबईला, आखातात, स्विंडनला. गेल्या वेळी आम्ही सहाजण होतो. हे तिला सांगावे की नाही, याचा मी विचार केला, आणि सांगितले.

"सहाजण पुरे," बाय म्हणाली.

रविवार पवित्र त्रैक्याचा. मिस्सेत तिच्या शेजारी बसून मी पोर्तुगीज प्रार्थना ऐकत होतो; शब्द कळत नव्हते, पण कुठे उभे राहायचे आणि कुठे गुडघे टेकायचे हे शरीराला ठाऊक होते. अहमदाबादच्या मृतांसाठी बायने मेणबत्ती लावली. दुपारी विमानतळावर निघताना तिने आंतोनीचा पाव रुमालात बांधून दिला आणि पन्नास युरोची एक नोट माझ्या खिशात कोंबली. मी नको म्हटले. "चण्यांक," ती म्हणाली.

दूतावासाच्या शिक्क्यासह मुखत्यारपत्र सप्टेंबरात आले. सही मराठीत आहे, लग्नाआधीच्या नावासकट. छपराचे काम पावसाळा सरल्यावर सुरू झाले. ती नोट मात्र मी अजून बदलून घेतलेली नाही. मे महिन्याला अवकाश आहे, आणि त्याआधी लातिन उत्तरे देवनागरीत लिहून काढून वाडीतल्या दोन पोरांना शिकवायची आहेत.