सायकल वाढत्या अंगाची नको

परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आपल्या वस्तीतल्या घराघरांतून एकच मागणी ऐकू येते, "पप्पा, सायकल घ्या." मुलगा जरा हट्टी असला तर "बीएमएक्सच पाहिजे" असे वर ऐकावे लागते. बोनसचे किंवा भिशीचे चार पैसे हाताशी असले, तर बाप मुलाला घेऊन दुकानात जातो. तिथे पुष्कळ बाप जी चूक करतात, तीच आम्ही २०१४ साली केली. झाकून ठेवण्यासारखीच ती गोष्ट आहे, पण वाचक बंधू-भगिनींच्या कामी येईल म्हणून सांगत आहोत.

आम्ही दापोडीचे. आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सकाळच्या पाळीला हॅरिस पुलावरून कामगारांच्या सायकलींची रांग लागे, त्यात त्यांची काळी, चोवीस इंची सायकल असे. तिला हात लावायची आम्हांस परवानगी नव्हती. आम्ही शिकलो ते रुपया तासाने भाड्याच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. बीएमएक्स आम्ही फक्त पाहिली. साहेब लोकांच्या बंगल्यांतली मुले ती चालवीत, आणि आम्ही कुंपणाच्या बाहेर उभे राहून तिचे जाड टायर आणि उंच हँडल बघत असू. आपल्याला मुलगा झाला तर त्याला हीच घ्यायची, हे तेव्हाच मनात पक्के झाले होते.

पुढे मुलगा साडेपाच वर्षांचा झाला. भीमजयंतीचे नवे कपडे घेतले आणि त्याच दिवशी सायकलच्या दुकानातही गेलो. दुकानदाराने फक्त वय विचारले. मग म्हणाला, "साहेब, सोळा इंची घ्याल तर दोन वर्षांत अडगळीत टाकाल. वीस इंची घ्या, मोठा होईपर्यंत बघायला नको." आम्ही बी. कॉम. झालेले, दिवसभर ऑफिसात खर्चाचे तक्ते मांडणारे. दोन्ही किमतींना वर्षांनी भागून पाहिले, आणि वीस इंची स्वस्त ठरली. मुलांची आई म्हणाली, "अहो, त्याचे पाय कुठे पुरतात?" आम्ही म्हटले, "शाळेचा शर्ट नाही का दोन नंबर मोठा घेत आपण? वाढते अंग आहे." तिने आणखी काही म्हटले नाही. मुलगा तर आनंदाने नाचत होता, त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या लोकांची ही सवयच आहे आणि ती गरिबीतून आलेली आहे, तिला हसण्याचे कारण नाही. शर्ट मोठा झाला तर बाही दुमडता येते, पँटला आतून टीप घालता येते, बुटात कागदाचा बोळा कोंबता येतो. पण सायकलला टीप घालता येत नाही.

दहाव्या दिवशी विहाराजवळच्या उतारावर समोरून रिक्षा आली. मुलाने ब्रेक दाबायला बोटे लांबवली, ती लिव्हरपर्यंत नीट पोहोचेनात. मग पाय टेकवायला गेला, तर खाली जमीनच सापडेना. तो सायकलसकट उजव्या हातावर पडला. मनगटाचे हाड मोडले. हात पाच आठवड्यांत जुळून आला, पण तो पुन्हा सायकलवर बसला नाही. आम्ही गोडीने सांगितले, रागावूनही पाहिले, आणि त्याचे आज वाईट वाटते. गल्लीतली मुले सायकलवरून नदीकडे जात तेव्हा हा त्यांच्या मागून पळत जाई. नंतर पळायचेही सोडून दिले. आता तो कॉलेजला बसने जातो. बीएमएक्स जिन्याखाली गोणपाटाखाली पडून राहिली.

वस्तीतले ज्येष्ठ म्हणतात, "आम्ही मोठ्याच सायकलवर शिकलो, पडलो, झडलो, काय बिघडले?" आम्हीही असेच म्हणत होतो. पण जे शिकले तेच आज हे सांगतात. पडून ज्यांनी सायकल सोडली, ते कशाला सांगायला येतील? दुसरे असे की हाफ पायडलला आपले अंग दांडीच्या एका बाजूला असायचे. तोल गेला की सायकल सोडून बाजूला उडी मारता येई. उंच सीटवर चढवून बसवलेल्या पाच वर्षांच्या पोराला ती सोय नसते.

आता धाकटीचे सांगतो. ती सहा वर्षांची. यंदा तिने सायकल मागितली आणि आमच्या तोंडून काय निघाले असेल? "दादाची आहे ना जिन्याखाली, तीच दुरुस्त करून देऊ." मुलगा अभ्यास करीत बसला होता. वर न बघता म्हणाला, "पप्पा, आधी तिचे माप घ्या." एवढेच. आम्हांला जेवण गोड लागले नाही.

माप त्यानेच घेतले. धाकटीला अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभे केले. शाळेचा जाड नकाशा तिच्या दोन पायांच्या मध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला टेकवून, सीटवर बसल्यावर लागेल इतपत वर दाबला आणि वरच्या कडेशी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून खुणेपर्यंत ५० सेंटीमीटर भरले. हे पायाचे आतले माप. सायकलसाठी वयापेक्षा हेच महत्त्वाचे, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो. मग त्याने जिन्याखालची सायकल काढून तिची सीट अगदी खाली बसवली आणि जमिनीपासून मोजली. ६२ सेंटीमीटर. सहा वर्षांच्या मुलीलाही ती १२ सेंटीमीटरने उंच होती. त्याला आम्ही तिच्यावर साडेपाचाव्या वर्षी बसवले होते.

दुकानात आम्ही या वेळी टेप घेऊन गेलो. दुकानदार जरा हसला, पण मापू दिले. तेव्हा कळले की दोन सोळा इंची सायकलीसुद्धा सारख्या नसतात. एकीची सीट खाली करूनही ५४ वर होती, दुसरीची ४९ वर. आम्ही दुसरी घेतली. शिकाऊ मुलाला सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवता आले पाहिजेत, म्हणजे सीटची सर्वांत खालची उंची पायाच्या मापाएवढी किंवा थोडी कमी हवी.

या इंचांचा घोळ बऱ्याच लोकांना ठाऊक नाही. वडिलांच्या काळ्या सायकलला आपण चोवीस इंची म्हणत असू, ते सांगाड्याचे माप होते, तिची चाके २८ इंची असत. मुलांच्या सायकलला सोळा इंची, वीस इंची म्हणतात ते मात्र चाकाचे माप. मुलगा चाकावर बसत नाही, तेव्हा त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते बघा.

बीएमएक्सचे तर आणखीच वेगळे आहे. ते मुळात एका खेळाचे नाव. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची मुले मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती पाहून आपल्या लहान सायकली तशाच मातीत उडवू लागली, त्यातून हा खेळ निघाला. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्येही त्याच्या शर्यती झाल्या. त्यात चांगली वाढलेली माणसेसुद्धा २० इंची चाकाचीच सायकल चालवतात. म्हणजे वीस इंची बीएमएक्स ही लहान मुलाचीच असते असे मुळीच नाही. हे खेळाडू पायडलवर उभे राहून चालवतात, म्हणून सीट मुद्दाम खाली असते आणि माप बघतात ते दांडीच्या लांबीवरून. मूल वाढेल तशी सीट वर घेत राहू, हा हिशेब तिथे फार चालत नाही. सीट वर गेली तरी दांडी लांब होत नाही, आणि गुडघे हँडलला लागू लागतात. आपल्याकडे दुकानात बीएमएक्स म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ सायकली नुसत्या त्या धर्तीच्या असतात. पण घेताना बघायचे तेच. मूल दांडीच्या दोन बाजूंना पाय टेकून उभे राहिले की दांडी आणि अंग यांत तीन-चार बोटे मोकळी राहावीत. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे, हात ताणलेले नकोत. हँडल पूर्ण वळवले तरी गुडघ्याला लागू नये. आणि ब्रेक त्याच्याकडूनच दाबवून घ्यावा. बऱ्याच लिव्हरला लहान स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणता येते. हे आम्हांला २०१४ साली कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

सायकल उचलूनही पाहावी. लोखंडी सोळा इंची सायकल सहज दहा किलोची भरते, आणि आपले मूल असते अठरा-वीस किलोचे. कॅरिअर, टोपली, मागच्या चाकाला उभे राहायच्या नळ्या, हे सगळे आम्ही दुकानातच काढायला लावले. तेवढ्या पैशांत हेल्मेट आले. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसले पाहिजे, मागे कलंडलेले नको.

आधाराची छोटी चाकेही लावली नाहीत. ओळखीच्या मिस्त्रीने सुचवल्याप्रमाणे दोन्ही पायडलच काढून टाकली आणि सीट अगदी खाली ठेवली, म्हणजे मूल पायांनी जमीन ढकलत चालवते आणि तोल आपोआप येतो. पायडल काढायला आम्ही पाना लावून बराच घाम गाळला. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते, हे नंतर कळले. विहाराच्या अंगणात धाकटी आठवडाभर तशीच घसरत होती. मग पायडल बसवले आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतः चालवू लागली. मागून पळायला तिचा दादा होता.

आता पैशांचे. मापाची सायकल दोन वर्षांत लहान होणार, हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते, आणि दर दोन वर्षांनी नवी घेणे आपल्या ऐपतीत नाही. पण आपल्या गल्लीत एका घरातले मूल मोठे होते तेव्हा दुसऱ्या घरातले त्याच मापाला येते. कपडे आणि पुस्तके आपण फिरवतोच. आम्ही तरुण मंडळाच्या पोरांना सांगून सायकलीही फिरवायला सुरुवात केली. सध्या पाच आहेत, बारा इंचीपासून वीस इंचीपर्यंत. जुनी घेताना पुढचा चिमटा वाकलेला नाही ना, हँडलखालच्या जोडाला तडा नाही ना, आणि सीटची नळी तिच्यावरच्या खुणेच्या वर तर काढलेली नाही ना, एवढे पोरे तपासतात. रविवारी विहारामागे हे काम चालते. ज्यांच्या घरी लहान सायकल पडून असेल त्यांनी आणून द्यावी, मोडकी असली तरी चालेल.

जिन्याखालची बीएमएक्सही त्यात गेली. दहा-अकरा वर्षे उभी राहून टायर चिरले होते, साखळी गंजली होती. टायर, ट्यूब, साखळी आणि ब्रेकचे रबर मिळून अकराशे रुपये लागले. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाचे माप घेतले, ते ६३ भरले, त्याला ती दिली. सायकल त्याच्या हाती देण्याआधी ती नीट चालते की नाही ते बघायचे होते. मुलगा म्हणाला, "मी बघतो." हँडल धरून गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि तशीच ढकलत परत आणली.