हलणारी दाढ आणि दुहेरी कुलूप

आमच्या घराण्यात साठीनंतर दात टिकत नाहीत, हा समज पिढीजात आहे. वडील पोळी वरणात कुस्करून खात आणि ‘आपल्याकडचे हे असेच’ म्हणत. इंदुरात राहून शेवेला मुकणे ही काही लहान शिक्षा नव्हे. त्यांनी ती निमूट सोसली. मागच्या वर्षी माझी खालची दाढ हलू लागली, तेव्हा मीही हा वारसा मुकाट्याने स्वीकारणार होतो. दंतवैद्यांनी मात्र पहिला प्रश्न रक्तातल्या साखरेचा विचारला. ते म्हणाले, दाढ शाबूत आहे; तिला धरून ठेवणारे तंतू तुटत आहेत, आणि जंतूंच्या निमित्ताने ते मुख्यतः तुमचेच शरीर तोडते आहे. हे वाक्य मनातून जाईना. निवृत्त माणसाला सवड असते, वाचत बसलो.

पेशींभोवती तंतूंचे एक जाळे असते. त्यातला मुख्य धागा कोलॅजेन. त्याची तीन पदरी पिळाची रचना मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५च्या सुमारास मांडली. हा पीळ इतका घट्ट, की सामान्य पाचक विकरांना तो दाद देत नाही. मग बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते कुठे? ती गळून पडत नाही, जागच्या जागी विरते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी त्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तर तुकड्यांभोवतीचा थर विरघळला! कोलॅजेन कापणारे विकर असे सापडले. ते तिन्ही पदर एका ठरावीक जागी छेदते. मग पीळ सैल पडतो आणि उरलेले काम त्याचे भाऊबंद उरकतात. माणसात या घराण्याची तेवीस विकरे आहेत. जखम भरताना, हाड वाढताना त्यांचीच गरज लागते.

मला खरे गुंतवले ते त्यांच्या कुलपाने. माझी बरीच नोकरी जिल्हा कोषालयात गेली. तिथे मुद्रांक दुहेरी कुलपात असत. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. ही विकरेही बंद अवस्थेतच तयार होतात. त्यांच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो, तोच कापण्याचे काम घडवतो. त्याच साखळीच्या पुढच्या टोकाचा गंधकयुक्त दुवा त्या जस्ताला झाकून बसतो. बाहेरचे एखादे विकर ते टोक अर्धवट कापते, दुवा सुटतो, आणि उरलेले टोक बहुधा हे विकर स्वतःच छाटून मोकळे होते. शिवाय त्यांना अडवणारी चार प्रथिने पहाऱ्यावर असतातच. सुजलेल्या हिरडीत पांढऱ्या पेशी ही विकरे इतकी ओततात, की पहारा अपुरा पडतो. मधुमेहात हा गोंधळ वाढतो.

१९८३ साली लॉर्न गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जंतुविरहित वाढवलेल्या मधुमेही उंदरांत दिसले, की टेट्रासायक्लीनच्या कुळातले एक औषध हे विकर दाबते. मारायला जंतू तिथे नव्हतेच! पुढे १९९८मध्ये डॉक्सिसायक्लीनची, जंतू मरणार नाहीत इतकी अल्प, २० मिलिग्रॅमची मात्रा हिरड्यांसाठी अमेरिकेत मान्य झाली. याच सुमारास कर्करोगासाठी मात्र सरसकट सगळ्या विकरांना कोंडून पाहिले गेले. मारिमास्टॅट नावाच्या त्या औषधाने रुग्णांचे खांदे-सांधे आखडले, आणि अपेक्षित लाभही पदरी पडला नाही. चोर समजून घरच्या माणसालाही कोंडल्यासारखे ते झाले.

एवढे वाचून मी मोठ्या ऐटीत दंतवैद्यांकडे त्या अल्प मात्रेची मागणी केली. ते हसले. ‘काका, आधी हिरड्या साफ करू, आणि साखर खाली आणा. गोळीचे मग पाहू.’ साखर बरीच उतरली आहे. वडिलांना हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्यांची साखर शेवटच्या आजारपणातच प्रथम तपासली गेली.

माझी ती दाढ अखेर काढावी लागली. शेजारची पूर्वीइतकी हलत नाही. रविवारच्या पोह्यांवर शेव घेतो, पण ती जरा भिजू देतो.