फ्रिज उघडला, म्हणजे आई उठली!

सकाळचे साडेसहा. अलार्म बंद करायचा, एक डोळा किलकिला करायचा आणि मोबाइलवर बघायचं, साताऱ्याचा फ्रिज उघडला का? '६.१२ - फ्रिज उघडला.' चला! आई उठली, दूध काढलं, चहा टाकला. आता आपण अजून दहा मिनिटं लोळायला हरकत नाही.

हे माझं रोजचं रुटीन होतं, थेट मागच्या मेपर्यंत.

त्याआधीच्या पावसाळ्यात बाबा गेले. आई साताऱ्याच्या जुन्या घरात एकटी, मी बाणेरला फ्लॅटवर. 'माझ्याकडे राहायला ये' म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "तुझ्या त्या अकराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू?" बरं, कॅमेरा लावू का? "घरात कॅमेरा? मी काय बँक आहे?"

मग मी, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली एक हुशार मुलगी, तीन सेन्सर घेऊन साताऱ्याला गेले. एक मुख्य दाराला, एक फ्रिजला, एक बाथरूमच्या दाराला. काडेपेटीएवढी डबी चौकटीवर, छोटंसं लोहचुंबक दारावर. दार उघडलं की दोघं लांब जातात आणि डबी निरोप धाडते. ना फोटो, ना आवाज. आईला सांगितलं, "चोरांसाठी आहे गं." फ्रिजमधल्या चोरांसाठी का, हे तिने विचारलं नाही.

आता यातला फंडा ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातच आहे.

या डबीत शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो, सीआर २०३२. त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-अवर एवढीच पुंजी. डबीचा रेडिओ सतत जागा राहिला तर सेल एखाद्या दिवसात संपेल. तरी तो वर्ष-दोन वर्षं टिकतो, कारण डबी जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असते. काही झालं की उठते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा गुडूप! झोपेत तिला लागणारी वीज अँपिअरच्या दशलक्षाव्या भागांत मोजायची. आपल्या ऑफिसात ही पद्धत कधी येणार कोण जाणे.

अशा झोपाळू यंत्रांसाठी २००३ मध्ये एक मानक ठरलं, आयईईई ८०२.१५.४. त्यावर उभं राहिलेलं झिग्बी डिसेंबर २००४ मध्ये आलं. नाव मधमाश्यांवरून. पोळ्यावर परतलेली माशी नाचून बाकीच्यांना फुलांचा पत्ता सांगते ना, त्या नाचावरून. वाय-फायसारखा सिनेमा पाठवणं याच्या बसची बात नाही. एका पाकिटात जास्तीत जास्त १२७ बाइट, बस्स. पण 'दार उघडलं' सांगायला लागतं किती?

दुसरी गंमत, निरोप हातोहात पुढे जातो. आमच्या माजघराची भिंत दीड फुटी. पुढच्या खोलीतल्या वाय-फायच्या डब्याशेजारी मी झिग्बीचा हब ठेवला होता. मागच्या बाजूच्या फ्रिजचा आवाज तिथे पोचेना. म्हणून माजघरात, कपाटामागच्या सॉकेटमध्ये एक स्मार्ट प्लग खोचला. त्याला भिंतीतून वीज, त्यामुळे तो कायम जागा. फ्रिज प्लगला सांगणार, प्लग हबला. यांच्या भाषेत अशा प्लगला चक्क 'पेरेंट' म्हणतात आणि झोपाळू डबीला 'चाइल्ड'! चाइल्डसाठी काही आलं तर पेरेंट ते सांभाळून ठेवतो. चाइल्ड जागं झालं की विचारतं, "माझं काही आहे का?" आणि वाट किती बघायची, तर साधारण ७.६८ सेकंद. मग निरोप टाकून द्यायचा.

तर मागच्या मे महिन्यातली सकाळ. साडेसहाला बघितलं. फ्रिज? रात्री पावणेअकरानंतर काही नाही. बाथरूम? काही नाही. मुख्य दार? बंद. सात वाजले. तेच. आईला फोन लावला, स्विच्ड ऑफ. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

शेजारच्या काकूंना फोन करावा म्हटलं, आणि लक्षात आलं की माझ्याकडे त्यांचा नंबरच नाही. आईचा फ्रिज आठवड्यात किती वेळा उघडला हे मी सांगू शकत होते. पण जिच्यासोबत ती रोज संध्याकाळी देवळात जाते, तिचा नंबर माझ्याकडे नव्हता.

गाडी काढली. खंबाटकी घाटात काय काय मनात आलं, ते इथे लिहीत नाही.

सव्वानऊला दार बडवलं. आईनेच उघडलं. हातात सुरी, पदराला ओल.

"अगं, तू? आज सुट्टी का?"

त्याच क्षणी माझ्या पर्समधला मोबाइल वाजला. '९.१६ - मुख्य दार उघडले.'

झालं होतं एवढंच. रात्री वळीव आला, विजा कडाडल्या. आईने सगळे प्लग काढले, मोबाइल बंद केला. वाय-फायच्या डब्याला आणि हबला हात लावायचा नाही अशी माझी सक्त ताकीद होती, म्हणून ते तेवढे सोडले. कपाटामागच्या प्लगबद्दल मी काही बोललेच नव्हते. तो निघाला आणि मागच्या बाजूच्या दोन्ही डब्या पोरक्या झाल्या. त्या बोलत होत्या, ऐकणारं कुणी नव्हतं. आई पहाटेपासून मागच्या अंगणात, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या गोळा करून फोडत बसली होती. मोबाइल सुरू करायचा राहून गेला.

मी रडले. मग चिडले. मग सगळं सांगून टाकलं.

आई कैऱ्या फोडायची थांबली. "म्हणजे मी रात्री किती वेळा उठते, हे तुला कळतं?"

"हो."

"किती?"

"चार. कधी पाच."

"किती दिवसांपासून ठाऊक आहे?"

"डब्या लावल्यापासून. आठ महिने."

"मग एकदाही विचारलं नाहीस, का उठतेस म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेच थोड्या वेळाने सांगितलं, "घोरणं नाही ना ह्यांचं आता. शांततेने जाग येते."

दुपारी मी मोबाइलमधली कॉलची यादी चाळली. डब्या लावायच्या आधी रोज साडेआठला आईचा किंवा माझा फोन. पाच मिनिटं का होईना. नंतर आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच. का? कारण ती ठीक आहे हे मला आधीच कळलेलं असायचं! 'जेवलीस का?' हा प्रश्न मोबाइलवर देवनागरीत टाइप केला तर २६ बाइट होतात. झिग्बीच्या त्या इवल्याशा पाकिटातही आरामात बसेल. तेवढंसुद्धा मी पाठवत नव्हते.

संध्याकाळी तह झाला. बाथरूमची डबी आईने स्वतः उचकटून माझ्या हातात ठेवली. फ्रिजची आणि दाराची राहू दे म्हणाली. प्लगवर तिने आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'काढू नये.' काकूंचा नंबर मी घेतला. आणि आईची एक अट, "तुझ्या फ्रिजला पण एक लाव. कळू दे मला, रात्री काय काय खातेस ते."

खरेदीला निघालात तर आता नवी नावं कानावर येतील. थ्रेड हा झिग्बीच्याच रेडिओवर चालणारा भाऊ, २०१४ मध्ये त्याचं काम सुरू झालं. मॅटर हा रेडिओ नाही, ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मधली. मी मात्र ओळखीचं झिग्बीच घेतलं. आणि हो, मधला जागा गडी कोणता ते घरच्यांना आधी सांगून ठेवा, बॉस!

परवा रात्री रिलीज होतं. दमून घरी आले, फ्रिज उघडला, कालचा भात काढला. १ वाजून ४० मिनिटं. घास तोंडात जायच्या आत फोन वाजला.

"काय गं, अजून जेवली नाहीस?"

"तू पण झोपली नाहीस ना?"

"नाही."

मग मी फोन स्पीकरवर टाकला आणि जेवायला बसले. भात संपला, तरी आम्ही बोलत होतो.