कॅमेरा चोरावर, पण कॅमेऱ्यावर कोण?

जुळे सोलापुरात आता गल्लोगल्ली घरांवर कॅमेरे दिसतात. चोरीची भीती आहे, लावायलाच हवेत. पण लावून देणारा पोरगा जाताना पासवर्ड बदलून गेला का, हे विचारतं कोण?

फेब्रुवारी २०२५ आठवा. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीचं कॅमेऱ्यातलं चित्रण चोरून टेलिग्रामवर विकलं जात होतं. अटक झालेल्यांत आपल्या जवळच्या लातूर आणि सांगलीचेही तरुण होते. हे काम गावाकडे बसूनही होतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या.

एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण भिंतीवर आधीच बसलेल्या जुन्यांचं काय? ते आपल्यालाच बघावं लागेल.

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे मोजा. अनोळखी नाव दिसलं तर वायफायचा पासवर्ड लगेच बदला. राउटर आणि कॅमेऱ्याचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा, अपडेट टाळू नका. झोपायच्या खोलीत कॅमेरा नकोच.

पोलीस आणि महापालिका 'कॅमेरे लावा' म्हणतात, तेव्हा 'पासवर्ड बदला' हेही त्यांनी सांगावं. घरातल्या बायाबापड्यांची अब्रू चोरीला गेली, तर तिचा पंचनामा कसा करणार?